धोंडू घाडीची लाइन

साचेवाली गल्लीच्या मागे, बंद गिरणीच्या जागेवर फुटबॉलचं मैदान होणार अशी बातमी आली, तेव्हा धोंडू घाडीने एकच प्रश्न विचारला, "आत कुठून सोडायचं आणि बाहेर कुठून काढायचं?"

बाकीच्यांचे प्रश्न वेगळे होते. कुणी म्हणालं, फुटबॉल कोण खेळणार, इथे सगळी क्रिकेटवाली. कुणी म्हणालं, टॉवरवाले गाड्या लावतील बघा. धोंडूला त्यातलं काहीच पडलं नव्हतं. त्याला फक्त दोन दरवाजे हवे होते.

यात त्याचा काही दोष नाही. तरुणपणी तो गिरणीत बदली कामगार होता. गिरणी बंद पडली, मग फोर्टातल्या एका इमारतीत वॉचमन म्हणून त्याने उभं आयुष्य काढलं आणि तिथूनच निवृत्त झाला. पण ते सगळं पोटासाठी. त्याचं खरं काम वर्षातले दहा दिवस. गल्लीच्या गणपतीची लाइन तो लावायचा. लालबाग-परळमध्ये मंडळं काही कमी नाहीत आणि लाइन लावणारेही कमी नाहीत, पण दुसऱ्या मंडळाची माणसं मुद्दाम येऊन धोंडूची लाइन बघून जात. बांबूचे कठडे कुठे वळवायचे, म्हाताऱ्या माणसांना कुठून आत घ्यायचं, पोरं कडेवर कुठे उचलून घ्यायला सांगायचं, सगळं त्याच्या डोक्यात. बाप्पाच्या पायाशी माणूस हमखास रेंगाळतो. बरोबर त्या जागी धोंडू उभा. बाप्पाकडे पाठ, लोकांकडे तोंड, दोन्ही तळवे हवेत असे, जणू कोंबड्यांची पिल्लं खुराड्यात घालतोय. "चला माउली, पुढे चला, मागच्यांना दर्शन घेऊ द्या." कुणाला कधी धक्का मारला नाही, कुणावर ओरडला नाही. आणि लाइन वाहायची, नळाला पाणी यावं तशी.

कुणी विचारलं, "धोंडू, तू बाप्पाला कधी बघतोस रे?" तर तो म्हणायचा, "लोकांच्या तोंडावर बघतो. पुरतं."

तर हे मैदान. गिरणी गेली, तिच्या अंगणात टॉवर उभे राहिले, आणि मागचा एक तुकडा मुलांच्या खेळासाठी सुटला. तो तुकडा मंडळाने मिळवला. मंडळाचा कार्याध्यक्ष विनीत. बँकेत नोकरीला, तिशीतला पोरगा, बोलायला लागला की थांबत नाही. त्याने सभेत सांगितलं, "काका, काकी, नीट ऐका. आपली गल्ली मेलीय. खानावळी गेल्या, शिंपी गेले, पिठाची गिरणीपण गेली. टॉवरवाले सगळं मोबाइलवर मागवतात. आता आपण काय करायचं? इथे पोरांचं फुटबॉल आणायचं. अँटॉप हिल, प्रभादेवी, वडाळा, सगळीकडून पोरं येणार. पोरं आली की आईबाप येणार. पोरं खेळणार तोवर आईबाप काय करणार? भूक लागणार! मैदानाच्या कडेला आपल्या बायकांचे गाळे. पोरांनी खेळायचं, आईबापांनी खायचं, गल्लीने जगायचं. सिंपल!"

टाळ्या पडल्या. मग काम सुरू झालं आणि गल्लीने ते गणपतीच्या मंडपासारखं केलं. ज्याला जे येत होतं ते त्याने दिलं. वेल्डिंगवाल्याने जाळी लावली, रंगारी भावांनी भिंती रंगवल्या, एका बाजूला बसायला सिमेंटच्या पायऱ्या झाल्या, त्यांना लागूनच पत्र्याच्या छपराची गाळ्यांची रांग. मध्ये हिरवंगार खोटं गवत अंथरलं. त्यावर पहिल्या दिवशी गल्लीतल्या म्हाताऱ्या चप्पल काढून चालल्या.

गाळ्यांवर मात्र एक अट होती. एका कॉफीवाल्या कंपनीने सगळी रांगच मागितली होती. मंडळाच्या समितीत दोन तट पडले. शेवटी ठरलं असं, की पहिली स्पर्धा गल्लीच्या बायकांनी चालवायची. दर रविवारी सामने, आणि शेवटच्या रविवारी अंतिम. तोवर गाळे चालले तर ते त्यांचे. नाही चालले तर कॉफीवाले.

त्यातला कोपऱ्यातला गाळा शांताचा. शांता धोंडूची बायको.

शांता लग्न होऊन या गल्लीत आली ती सरळ सासूच्या खानावळीत. एका खोलीत चुलीपुढे बसून गिरणीच्या माणसांना पंगतीने जेवायला घालायचं. पाळी सुटली की माणसं हात धुऊन बसायची आणि "वयनी, आमटी" म्हणून वाटी पुढे करायची. तो आवाज तिच्या कानात राहिला होता. गिरण्या गेल्या, पंगत गेली. चाळ पाडून चौदाव्या मजल्यावर घर मिळालं, चकचकीत, पण तिथे बांगडा तळला की इमारतीच्या ग्रुपवर मेसेज पडायचा, 'कृपया खिडक्या बंद ठेवाव्यात'. शांता वाचत नव्हती, नात दर्शना वाचून दाखवायची आणि हसायची. शांता हसत नव्हती. अनोळखी माणसाला आपल्या हातचं वाढून ते खाताना बघायला मिळून तिला कित्येक वर्षं झाली होती. गाळ्याची किल्ली मिळाली त्या दिवशी तिने ती देवापुढे ठेवली, आणि धोंडूला म्हणाली, "ह्यो गाळो माझो. ह्येतून माका कोण उठवूक नाय व्हया."

"कोण उठवतला तुका?" धोंडू म्हणाला. "मी आसय ना."

पहिल्या रविवारच्या आधीच धोंडूने कठडे उभे केले. रस्त्याकडच्या फाटकातून आत, मैदानाच्या कडेने, गाळ्यांच्या समोरून, मग वळण, आणि मागच्या फाटकातून बाहेर. बांबू, काथ्या, मधे मधे भगव्या फिती. बघत राहावं असं काम. फक्त पायऱ्यांना त्याने दोरी बांधून टाकली.

मुलींच्या संघाची कोच कालिंदी. ती शिवाजी पार्कची, कॉलेजात स्वतः खेळलेली, बोलायला मऊ. ती म्हणाली, "धोंडूकाका, पायऱ्या का बंद केल्यात? लोक बसणार कुठे?"

"बसायचं कशाला, मॅडम? बसलेला माणूस लवकर उठत नाही. मग मागचे काय करणार?"

"पण काका, मॅच बघायला—"

"बघतील की. माझ्या लाइनीत कुणी न बघता गेलाय असा एक माणूस दाखवा."

कालिंदीने विनीतकडे पाहिलं. विनीत म्हणाला, "मॅडम, टेन्शन नका घेऊ. काकांनी लाखोंची गर्दी काढलीय. इथे तर चिल्लर आहे." आणि खरं सांगायचं तर गल्लीत कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. गर्दी म्हटली की लाइन, लाइन म्हटली की धोंडू. गर्दीचं दुसरं काही करायचं असतं हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

पहिला रविवार दणक्यात झाला. लोक आले, खूप आले. फाटकापाशी ढोल वाजला. धोंडू पांढरा सदरा, गळ्यात मंडळाचा बिल्ला, बरोबर मधल्या रेषेसमोर उभा, मैदानाकडे पाठ. "चला, पुढे चला. बघितलं ना? छान खेळतात. चला, मागच्यांना बघू द्या." माणसं आली, पोरांचं खेळणं ओझरतं बघितलं, काहींनी सवयीने हात जोडले, आणि मागच्या फाटकातून बाहेर पडली. बाहेर पडल्यावर त्यांच्या लक्षात यायचं की आपला मुलगा अजून आत खेळतोय. मग ती बिचारी फिरून पुन्हा लाइनीत.

संध्याकाळी विनीत येऊन धोंडूच्या पाया पडला. "काका, सॉलिड! एकसुद्धा धक्काबुक्की नाही!"

आणि कोपऱ्यातल्या गाळ्यात शांता वड्यांच्या परातीपुढे बसली होती. वडे होते, काळ्या वाटाण्याचं सांबारं होतं, रसातले घावणे होते, सोलकढी होती. गिऱ्हाईक नव्हतं. शेजारच्या गाळ्यात राधाबाई चहाचं पातेलं घेऊन बसलेली, तिचा चहा तिनेच पिऊन संपवला होता. उरलेले वडे त्या रात्री चौदा मजल्यांवर वाटावे लागले. ग्रुपवर मेसेज पडला नाही.

पुढच्या रविवारी तेच. लोक आणखी वाढले, लाइन आणखी सुरेख झाली, आणि वडे आणखी उरले.

मग गल्लीत विचारविनिमय सुरू झाला. विनीत म्हणाला, लाइटवाली पाटी हवी. राधाबाई म्हणाली, कॉफीवाल्यांनी कायतरी करून ठेवलंय, मी गाळ्यांवरून मीठमोहरी उतरवते. तिने उतरवलीसुद्धा, दोनदा. कुणी म्हणालं, हल्लीच्या लोकांना वडे नको असतात, पास्ता ठेवा. शांताने त्या माणसाकडे असं बघितलं की तो पुढे आठवडाभर त्या बाजूने आला नाही.

कालिंदी सराव संपवून गाळ्यापाशी आली होती. पोरींबरोबर दर्शनाही होती, घामाने डबडबलेली. दर्शना पंधरा वर्षांची, गल्लीच्या मुलींच्या संघाची गोलकीपर. कालिंदीने घावणा तोंडात घातला, डोळे मिटले आणि म्हणाली, "काकी, हे एवढं चांगलं आहे. मग लोक थांबत का नाहीत?"

धोंडू शेजारी काथ्या गुंडाळत बसला होता. तो अभिमानाने म्हणाला, "थांबतील कसे? मी थांबू देतो का?"

 राधाबाईच्या हातात तिसऱ्यांदा मीठमोहरी होती, ती तिने हळूच पदराला पुसली. दर्शना फिस्सकन हसली. शांताने झारा खाली ठेवला.

"काय म्हणालात?"

"माझ्या लाइनीत कोण थांबत नाय म्हटलंय. इतकी वर्षां—"

"तुमका कळता काय, तुम्ही काय बोलतास ता?" शांता उभी राहिली. "मी ह्या गाळ्यात वाट बघत बसलंय, आणि माझो घोव माझ्याच दारासमोरसून गिऱ्हाइकां हाकलता! लोकांका थांबाक दिलास तर खातले ना!"

"हाकलत नाय गो, पुढे—"

"पुढे! पुढे खंय? मागच्या फाटकात तर रस्तो आसा. थय काय तुमची दुसरी बायको वडे तळता?"

कालिंदीला हसू आवरेना, म्हणून ती बूट बांधायला खाली वाकली. तिच्या बुटांना नाड्या नव्हत्या.

धोंडूला ते लागलं. सगळ्यांसमोर, आणि तेही लाइनीवरून. तो म्हणाला, "लाइन काढायची नाय. एक पोर जरी चेपलं गर्दीत तर कोण जबाबदार? विनीत? मॅडम? मंडळाचं नाव आहे. माझं नाव आहे."

"बरां," शांता म्हणाली. "नाव खावा मग."

आणि त्या दिवसापासून धोंडूला घरात पेज मिळायला लागली. सकाळी पेज, दुपारी पेज, रात्री पेज. खाली गाळ्यात बायको सांबारं ढवळतेय, घरभर नाही तर अख्ख्या मैदानभर वास सुटलाय, आणि धोंडू घाडी पेजेत लोणच्याची फोड बुडवून बसलाय.   पण कॉफीवाल्यांचा माणूस येऊन गाळ्यांची मापं घेऊन गेला तेव्हा शांता दिवसभर कुणाशीच बोलली नाही, आणि तेव्हा धोंडूला पेजही जाईना. माघार घ्यावी असं त्याच्या मनात दोनदा आलं. पण दोन्ही वेळा त्याच्या डोळ्यांसमोर मोकळी सुटलेली गर्दी आली आणि तो गप्प बसला. त्याला दुसरं काही येतच नव्हतं हो.

शनिवारी संध्याकाळी दर्शना हातमोजे साफ करत बसली होती. म्हणाली, "आबा, उद्या फायनल आहे."

"माहीत आहे. कठडे वाढवलेत मी."

"तुम्ही माझी एक पण मॅच बघितली नाही."

"असं काय बोलतेस? मी मैदानावरच असतो की."

"पाठ करून."

धोंडूने तिचा एक हातमोजा उचलून उलटासुलटा पाहिला. त्याने विचारलं, "गोलकीपर म्हणजे नक्की काय करायचं असतं गं?"

"कोणाला आत सोडायचं नाही."

"कोणालाच?"

"कोणालाच."

धोंडू विचारात पडला. आपण जन्मभर येईल त्याला आत सोडलं, आणि नात अशी निघाली. कुणाचं रक्त हे? त्याने स्वयंपाकघराकडे पाहिलं. शांता उद्याचं वड्यांचं पीठ मळत होती, नेहमीइतकंच. त्याच्याकडे न बघता म्हणाली, "उरले तर महिनाभर तुमकाच घालतलंय."

रविवारी मुलींची अंतिम लढत होती, साचेवाली गल्ली विरुद्ध अँटॉप हिल. अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीतून बसा भरून माणसं आली. प्रभादेवीहून आली, शिवाजी पार्कची सकाळी फिरणारी म्हातारी मंडळीही टोप्या घालून आली. कॉफीवाल्यांचा माणूसही आला, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. धोंडू आपल्या जागेवर. मधली रेष मागे, माणसं पुढे. तळवे वर. "चला माउली, पुढे चला."

आणि लाइन चालली होती. पण आज काहीतरी वेगळं होतं. इतकी वर्षं धोंडूने लोकांची तोंडं वाचली होती. बाप्पाच्या पायाशी आलं की तोंडं कशी मऊ होतात, ओठ कसे हलतात, डोळे कसे भरतात, ते त्याला पाठ होतं. आजची तोंडं तशी नव्हती. एकदम सगळ्यांची हनुवटी वर जायची. एकदम सगळ्यांचे हात डोक्यावर यायचे. मग सुस्कारा, मग हशा. एका म्हाताऱ्याने टोपी काढून चावायला घेतली. धोंडूला वाटलं, माझ्या पाठीमागे चाललंय तरी काय?

"पुढे चला, मागच्यांना बघू द्या."

"अहो थांबा हो काका!" लाइनीतली एक बाई म्हणाली. अँटॉप हिलची असावी, खांद्याला पिशवी, पिशवीत मुलीचा डबा. "पेनल्टी आहे! आता माझी मुलगी मारणार आहे."

"कसली पेनल्टी?"

"बरोबरी झाली ना. आता एक-एक करून मारायचं. ती बघा ना, गोलमध्ये तुमची ती उंच पोरगी. काय पोरगी आहे! काहीच आत जाऊ देत नाही मेली. कुणाची आहे हो?"

"माझी नात आहे," धोंडू म्हणाला. "चला, पुढे चला."

बाई पुढे चालली नाही. तिने त्याच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"तुमची नात गोलमध्ये उभी आहे, आणि तुम्ही माझं तोंड बघताय?"

धोंडूचे तळवे हवेतच राहिले. मग तो वळला.

मंडळाच्या इतिहासात धोंडू घाडी गर्दीच्या वेळी कधी वळला नव्हता. तो वळला, आणि त्याला दिसलं, की हिरव्या गवतावर एवढ्याशा जाळीपुढे त्याची दर्शना गुडघ्यात वाकून उभी आहे. दोन्ही हात फाकलेले, तळवे पुढे. अगदी त्याच्यासारखे. समोरून त्या बाईची मुलगी धावत आली, पाय मारला, आणि दर्शना आडवी उडाली. बॉल तिच्या बोटांना लागून बाहेर गेला.

धोंडूच्या तोंडून जो आवाज निघाला तो त्याने आधी कधी काढला नव्हता. शेजारची बाई कपाळावर हात मारून म्हणाली, "गेलं!" आणि मग तीच म्हणाली, "पण काय उडी मारली हो तुमच्या नातीने!"

"बघितलंत ना? बघितलंत?" धोंडू म्हणाला. मागून कुणीतरी ओरडलं, "अरे लाइन का थांबली?" धोंडूने वळूनही पाहिलं नाही. मागची माणसं पुढच्यांवर आली, पुढची टाचा उंच करायला लागली, कडेची पोरं बांबूवर चढली. कठडा करकरला.

तो आवाज मात्र त्याच्या कानात बरोबर शिरला. बांबू करकरला म्हणजे काय ते त्याच्याएवढं कुणाला ठाऊक? एका नजरेत त्याने सगळं पाहिलं. ही माणसं आता पुढे जाणार नाहीत, देव आला तरी जाणार नाहीत. मग यांचं करायचं काय? त्याची नजर पायऱ्यांवर गेली. रिकाम्या, स्वच्छ, दोरी बांधलेल्या. धोंडूने खिशातला चाकू काढला आणि स्वतःच्या हाताने बांधलेली दोरी स्वतःच कापली.

"बसा!" तो ओरडला. "या, वर या, बसून घ्या! पुढचे खाली बसा, मागच्यांना दिसत नाही! आजी, तुम्ही इथे कडेला. ए पोरा, बांबूवरून उतर, मांडी घाल. बसा म्हणतो ना! सगळ्यांना दिसेल, सगळ्यांना जागा आहे!"

आणि तेच हात, तेच तळवे, फक्त आता खालच्या दिशेने. सगळी गर्दी पायऱ्यांवर अशी बसली, जणू कुणी पत्ते लावून ठेवलेत. ना धक्का, ना आरडाओरडा. कालिंदी मैदानाच्या कडेवरून हे बघत होती. तिने लांबूनच दोन्ही हात जोडले. विनीत फाटकापाशी तोंड उघडं टाकून उभा होता. बोलायचं विसरला होता, हे पहिल्यांदाच.

शेवटी गल्लीच्या पोरी हरल्या. दर्शनाने आणखी एक अडवला, पण अँटॉप हिलच्या गोलकीपरने जास्त अडवले. धोंडूला ते मान्य नव्हतं. तो कालिंदीला सांगत होता, "मॅडम, आपण हरलो कसे? दोन अडवले ना पोरीने? माझ्या हिशेबाने जिंकलो." कालिंदी म्हणाली, "काका, तुमच्याच हिशेबाने घ्या." दर्शना रडत आली होती, पण आबा मैदानाकडे तोंड करून उभे आहेत हे बघून रडायची थांबली. "आबा, लाइन?" तिने विचारलं.

"खड्ड्यात गेली लाइन. ती उडी परत मारून दाखव."

खेळ संपला, पण माणसं उठेनात. बसलेला माणूस लवकर उठत नाही, हे धोंडूचं म्हणणं खरंच होतं. आईबाप पोरींची वाट बघत बसले, पोरी बूट काढत बसल्या, बक्षिसं व्हायची होती. आणि तेव्हा वारा फिरला, काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याचा वास पायऱ्यांवर आला. आधी अँटॉप हिलची ती बाई उठली. मग टोपीवाले म्हातारे. मग सगळेच एकदम. कोपऱ्यातल्या गाळ्यापुढे ही गर्दी झाली. चारी बाजूंनी हात, चारी बाजूंनी आवाज, "काकी, दोन वडे", "काकी, इकडे सोलकढी", आणि कुणीतरी लांबून वाटी पुढे करून म्हणालं, "वयनी, अजून सांबारं."

शांताचा हात थबकला. तिने त्या माणसाकडे पाहिलं. परळचा कुणी म्हातारा होता, दात नसलेला. तिने त्याची वाटी काठोकाठ भरली. मग तिने झारा उंच केला आणि गर्दीच्या डोक्यावरून हाक मारली.

"अवो! हयसर येवा! लाइन लावा आधी!"

धोंडू धावला. गळ्यातला बिल्ला सरळ केला, हात वर केले. "चला, एकामागे एक. हळू. घाई नाही, मिळेल सगळ्यांना. खाऊन घ्या, इथेच उभं राहून खा, पुढे कुठे जायचं नाही." लाइनीच्या मधोमध कॉफीवाल्यांचा माणूस उभा होता. टॅब काखेत मारून तो वडे खात होता, हनुवटीवरून रस्सा ओघळत होता. त्याने धोंडूला विचारलं, "अंकल, कॉफी मिळेल का?"

"शेजारी राधाबाईकडे चहा आहे," धोंडू म्हणाला. "कॉफी कशाला लागतेय?"

त्या माणसाने गाळ्यांच्या रांगेकडे पाहिलं. राधाबाईसमोरही माणसंच माणसं. विनीतने हळूच येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "मापं घेतलीत ना, ठेवून द्या आठवण म्हणून." तो माणूस हसला आणि आणखी एक वडा मागून घेतला.

मागे मैदानावर बक्षिसं चालू होती. माइकवरून दर्शनाचं नाव आलं, उत्तम गोलकीपर म्हणून. धोंडू गर्रकन वळला. पायऱ्यांवरची माणसं उठून टाळ्या वाजवत होती, आणि दर्शना चिखल नसलेल्या गवतावरही गुडघे झटकत पुढे येत होती.

"अवो!" शांता मागून ओरडली. "थय काय बघतास? लाइन वाकडी जाता!"

"जावंदे," धोंडू म्हणाला. शांताने त्याच्या हातात एक वडा कोंबला, सांबाऱ्यात बुडवलेला, गरम. पेजेनंतरचा पहिला. आणि झारा हातात तसाच धरून तीही गाळ्याच्या फळीवर वाकून मैदानाकडे बघू लागली. लाइन आपली वाकडीच उभी होती. कुणीच पुढे जा म्हणत नव्हतं.